उल्हास खोऱ्यातील हँडल: सायकल, उतार आणि निवडीचा इतिहास

सायकलीच्या पुढच्या भागातील ज्या आडव्या नळीला मराठीत सरसकट हँडल म्हटले जाते, तिच्याकडे तीन कामे असतात: पुढच्या चाकाला दिशा देणे, स्वाराच्या शरीराचा काही भार पेलणे आणि ब्रेक, घंटी, दिवा यांना जागा देणे. ही कामे सायकलीइतकीच जुनी आहेत; परंतु हँडलची निवड, म्हणजे स्वाराने आपले खांदे, आपली वाट आणि आपला वेग यांचा विचार करून सायकलीवरचे एक हँडल उतरवणे आणि त्या जागी दुसरे चढवणे, ही प्रथा अलीकडची आहे. डोंगरउतारावरून वेगाने सायकल उतरवण्याच्या खेळात, ज्याला डाउनहिल माउंटन बायकिंग असे नाव आहे, या निवडीला आता इतके महत्त्व आले आहे की हँडलची रुंदी दहा मिलिमीटरने कमी करावी की नाही, हाही गंभीर विचाराचा विषय ठरतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात सायकल दीर्घकाळ कष्टाचे वाहन होती आणि तिचे हँडल जसे मिळेल तसे वापरले जात होते. त्यामुळे निवड कधी आणि कशामुळे शक्य झाली, हा प्रश्न या भूभागाच्या संदर्भात तपासण्याजोगा आहे.

हा पट्टा उल्हास नदीच्या खोऱ्यात वसलेला आहे. पश्चिमेच्या अंगाला मलंगगडापासून चंदेरीकडे आणि तेथून माथेरानच्या दिशेने जाणारी डोंगररांग, पूर्वेला बारवी धरणाच्या भोवतालच्या टेकड्या आणि त्यांच्या पलीकडे सह्याद्रीची मुख्य भिंत अशी त्याची रचना आहे; मध्ये नदीकाठची सपाटी आणि त्या सपाटीतून गेलेला लोहमार्ग. उताराशी या परिसराचे नाते फार जुने असले तरी ते चाकाचे नाते नव्हते. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा माल सातवाहनांच्या काळापासून नाणेघाटाने चढत-उतरत असे तो बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरून, आणि बोरघाटात चाकांच्या वाहनांना योग्य असा रस्ता खुला झाला तो १८३० साली, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत. १८५६ मध्ये कल्याणहून पळसदरीकडे जाणारा रेल्वेमार्ग बदलापूरच्या शिवारातून गेला आणि वस्तीचा, पुढे उद्योगाचाही, कल त्या सपाट पट्टीकडे झुकला. सायकल जेव्हा येथे आली तेव्हा ती या सपाट पट्टीवर चालण्यासाठी आली; डोंगर हा गुराख्यांचा, लाकूडफाटा आणणाऱ्यांचा आणि मलंगगडाच्या यात्रेकरूंचा प्रदेश राहिला.

हँडलचा आकार आणि उतार यांचा संबंध मात्र सायकलीच्या अगदी प्रारंभीच्या इतिहासातही दिसतो. जर्मनीत कार्ल ड्राइस याने १८१७ मध्ये बनवलेल्या, पायांनी जमीन रेटत चालवायच्या लाकडी दुचाकीला दिशा देण्यासाठी पुढे एक दांडा होता. १८७० च्या दशकात प्रचलित झालेल्या उंच चाकाच्या सायकलीत, जिचे पुढचे चाक माणसाच्या छातीपर्यंत आणि मागचे चाक त्याच्या तुलनेत अगदी लहान असे, स्वाराचे पाय हँडलखाली येत. चाक एखाद्या दगडाला अडले की स्वार तोंडावर आपटे, कारण अडकलेले पाय त्याला सुटू देत नसत. म्हणून उतार आला की अनुभवी स्वार पायडल सोडून दोन्ही पाय हँडलवरून पुढे टाकत, जेणेकरून पडण्याची वेळ आली तर निदान पायांवर पडता यावे. हँडल हे धरण्याचे साधन असतानाच अडकवणारे साधनही असू शकते, हा धडा सायकल बनवणाऱ्यांना या उतारांनी दिला. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याची, दोन सारख्या चाकांची आणि साखळीने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आली. तिच्यात स्वार खाली आला, पाय मोकळे झाले आणि हँडलचा आकार ठरवण्याचे स्वातंत्र्य प्रथमच कारागिराच्या हाती आले.

या स्वातंत्र्यातून जो आकार स्थिरावला तोच भारतात शंभर वर्षे राहिला. ज्या काळ्या, उंच, जड सायकलीला इंग्रजी व्यापारी भाषेत रोडस्टर म्हणत, तिचे हँडल मधून किंचित वर उचललेले, दोन्ही बाजूंना वळून स्वाराच्या कमरेकडे परत येणारे असे. त्यामुळे पाठ ताठ राही, भार बैठकीवर पडे आणि हातांवर फारसा ताण येत नसे. या हँडलचे दोन गुणधर्म पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहेत. पहिला असा की हँडल आणि त्याला फ्रेमशी जोडणारा खुंट, ज्याला आज स्टेम म्हणतात, हे दोन्ही झाळून एकजीव केलेले असत. खुंट चिमट्याच्या (म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या) पोकळ नळीत उतरवून आतल्या पाचरीने घट्ट केला जाई, आणि हँडलची उंची थोडी कमीजास्त करण्यापलीकडे कोणताही बदल शक्य नसे. दुसरा गुणधर्म ब्रेकचा होता. या सायकलींना तारेचे नव्हे, तर सळ्यांचे ब्रेक असत: हँडलच्या खाली बसवलेले दोन दांडे दाबले की त्यांना जोडलेल्या सळ्या वर खेचल्या जात आणि रबराचे ठोकळे रिमच्या आतल्या बाजूवर दाबले जात. या सळ्यांची लांबी, त्यांचे सांधे आणि हँडलवर झाळलेल्या त्यांच्या कड्या हे सगळे एकाच मापाचे असल्याने हँडल बदलायचे म्हणजे ब्रेकची अख्खी यंत्रणा बदलायची, असा अर्थ होई. निवडीच्या अभावाचे कारण पुष्कळदा गरिबी किंवा आवडीनिवडीचा अभाव असे सांगितले जाते. त्यात तथ्य आहेच, पण सायकलीची रचनाच निवडीला वाव देत नव्हती, हे कारण अधिक मूलभूत मानावे लागते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभारली गेली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना तेथील बराकींमध्ये आसरा देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्प एक ते कॅम्प पाच हे लष्करी विभाग आजही पत्त्यांत टिकून आहेत. लांबवर पसरलेल्या बराकी आणि शहाड, विठ्ठलवाडी, उल्हासनगर अशी विखुरलेली रेल्वे स्थानके, ही या वस्तीची रचना पायी चालणाऱ्याला दमवणारी आणि सायकलीला अनुकूल होती. शेजारच्या अंबरनाथमध्ये उद्योगाची सुरुवात त्याआधीच झालेली होती. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे विमकोचा, काडेपेट्यांचा कारखाना तेथे होता. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या दशकात संरक्षण खात्याचा आयुध निर्माणी कारखाना आणि यंत्रांचे नमुने घडवणारा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आला, शहाडला सेंच्युरी रेयॉन उभी राहिली आणि १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यावर अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींचा विस्तार झाला. पाळी बदलण्याच्या वेळी भोंगा झाला की फाटकातून बाहेर पडणारा सायकलींचा लोंढा हे त्या काळच्या कोणत्याही कारखानी गावाचे दृश्य होते, आणि अंबरनाथ त्याला अपवाद नव्हते.

या सायकली कोठून येत, हा प्रश्नही उद्बोधक आहे. स्वातंत्र्यापूर्वी रॅले, हर्क्युलिस, बीएसए, हंबर या नावांच्या इंग्लंडमध्ये बनलेल्या सायकलींचा बाजारात वरचष्मा होता. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना स्वातंत्र्यापूर्वीच निघाला होता. नंतर मद्रासजवळ अंबत्तूर येथे टीआय सायकल्स (१९४९), सोनीपतला अॅटलस (१९५१), आसनसोलला सेन-रॅले (१९५२) आणि लुधियान्याला हिरो (१९५६) असे कारखाने उभे राहिले. हिरोचे संस्थापक मुंजाल बंधू हे पश्चिम पंजाबातील कमालिया गावाहून आलेले होते, आणि पूर्ण सायकल बनवण्याआधी ते सुट्या भागांच्या व्यवसायात होते. एका टोकाला लुधियान्यात निर्वासित कुटुंबे सायकलीचे भाग घडवत होती आणि दुसऱ्या टोकाला उल्हासनगरात निर्वासित कुटुंबे सायकलीवर माल लादून दारोदार फिरत होती, हा योगायोग इतिहासकाराच्या नजरेतून सुटू नये. जे बाजारात विकले जाईल ते बनवून दाखवण्याची ख्याती उल्हासनगरने लवकरच मिळवली आणि ‘यूएसए’ या शिक्क्याचा ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा उलगडा करणारा विनोद सर्वदूर पसरला; पण त्या शहराचे नाव झाले ते कापडासाठी, जीन्ससाठी, फर्निचरसाठी. सायकलीच्या सुट्या भागांची पेठ लुधियानाच राहिली. वरळीच्या हिंद सायकल्सचे नशीब वेगळे निघाले: डबघाईला आलेल्या या कंपनीचे आणि सेन-रॅलेचे १९८० च्या एकाच कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले आणि मुंबईच्या वाट्याला सायकल-उद्योगातील अग्रस्थान पुन्हा आले नाही.

या काळातील हँडलचा खरा इतिहास त्याच्यावर काय टांगले जाई, यात आहे. दूधवाल्याच्या किटल्या, पाव-बटरवाल्याच्या पिशव्या, कामगाराचा जेवणाचा डबा, बाजारातून आणलेल्या भाजीची थैली, पुढच्या दांडीवर बसवलेल्या लहान मुलाचे हात, हे सगळे हँडलवर येई. कमरेकडे वळलेल्या हँडलची टोके चाकाच्या अक्षाच्या बरीच मागे येत असल्याने त्यांवर टांगलेला भार झोके खाई आणि वळण घेताना चाक आपोआप आत किंवा बाहेर ओढले जाई. सराईत दूधवाला मात्र हा झोका अंगवळणी पडल्यासारखा सांभाळत असे. तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळणाऱ्या सायकलीवर शिकणारी मुले दांडीखालून पाय घालून ‘हाफ पायडल’ मारत, तेव्हा त्यांचा एक हात हँडलवर आणि दुसरा बैठकीवर किंवा दांडीवर असे. म्हणजे हँडल दोन हातांनी धरायचे असते, हा नियमही येथे सार्वत्रिक नव्हता. मुठींना रंगीत प्लास्टिकचे गोंडे, मध्यभागी घंटी, खाली डायनामोवर चालणारा दिवा आणि दसऱ्याला झेंडूची माळ असा हँडलचा साज असे. महाराष्ट्रातील अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट असेल तर पोलीस दंड करत. आकार बदलण्याची सोय नसलेल्या या वस्तूवर मालकीची छाप उमटवण्याचा मार्ग सजावटीतून जात होता.

उताराच्या बाबतीत या सायकलीचे वर्तन सावध होते, आणि तसे असणे भागच होते. सळ्यांचे ब्रेक पोलादी, क्रोमचा मुलामा दिलेल्या रिमवर पावसात नीट लागत नसत, आणि कोकणपट्टीतील चार महिन्यांच्या पावसात कोरडी रिम ही चैनच होती. स्वार ताठ बसलेला असल्याने शरीर मागे नेऊन भार मागच्या चाकावर टाकण्याचा उपायही मर्यादित होता. तीव्र उतारावर सायकलीवरून खाली उतरून, ती हाताने धरून चालत जाणे हीच रूढ रीत होती आणि तिच्यात कोणालाही कमीपणा वाटत नसे. मराठी मुलखातील सायकल-शर्यतींची प्रतिष्ठाही चढणीशीच जोडलेली होती. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्या स्वाराला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. उतरणाऱ्याला किताब द्यावा, ही कल्पना या परंपरेत उगवली नाही, कारण उतरणे हे कौशल्य न मानता नशिबाचा भाग मानले जात होते. हे मत आज उतारावरचे स्वार मान्य करणार नाहीत, पण सळ्यांच्या ब्रेकच्या काळात ते व्यवहाराला धरून होते.

उतरण्यालाच खेळ मानण्याची सुरुवात अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत झाली. तेथील माउंट टॅमलपायस या डोंगराच्या परिसरात काही तरुण १९३०-४० च्या दशकांतील जाड टायरांच्या जुन्या सायकली घेऊन वणव्यांसाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यांवरून खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी भरवलेल्या पहिल्या शर्यतीला पुढे ‘रीपॅक’ हे नाव पडले, कारण तीन किलोमीटरच्या आसपास लांबीच्या आणि सुमारे चारशे मीटर खाली नेणाऱ्या त्या मार्गावर मागच्या चाकातील पायडल-ब्रेक इतका तापे की आतले वंगण जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची ही नावे या मंडळींतील. त्यांनी जुन्या सायकलींवर जे बदल केले त्यांत हँडलचा बदल सर्वांत डोळ्यांत भरणारा होता: मोटारसायकलींसारखी रुंद, मजबूत हँडले आणि मोटारसायकलींचेच ब्रेक-दांडे. हे जमले याचे एक साधे कारण असे की मोटारसायकलीच्या आणि सायकलीच्या हँडलची मूठ धरण्याची जागा एकाच जाडीची, म्हणजे सात अष्टमांश इंच किंवा २२.२ मिलिमीटर व्यासाची असे. रोडस्टरच्या काळापासून चालत आलेले हे माप आजच्या महागड्या डाउनहिल हँडलवरही तसेच आहे. इतके सगळे बदलूनही मुठीच्या जागेची जाडी बदलली नाही.

येथून पुढचा इतिहास जोडलेल्या गोष्टी वेगळ्या होत जाण्याचा आहे. तारेचा ब्रेक आल्यावर ब्रेक हँडलपासून सुटला. तार वाकते, म्हणून हँडल कोणत्याही आकाराचे असले तरी तिची अडचण होत नाही. नंतर हँडल आणि स्टेम वेगळे झाले. मधल्या काळात रिचीने बनवलेले, ज्यात हँडल आणि स्टेम त्रिकोणी आकारात एकत्र जोडलेले असत असे एक मजबूत रूप १९८१ च्या ‘स्टम्पजम्पर’ या पहिल्या मोठ्या प्रमाणावर तयार झालेल्या माउंटन सायकलीपर्यंत पोहोचले, पण पुन्हा एकजीव केलेली ही रचना फार टिकली नाही. १९९० च्या दशकात चिमट्याच्या नळीवर आटे न पाडता स्टेम तिच्या बाहेरून आवळण्याची पद्धत रूढ झाली आणि पुढे स्टेमच्या तोंडाला चार स्क्रूंनी बसणारी झाकणपट्टी आली. आता ब्रेक न उघडता, चिमटा न हलवता, हाती एक षट्कोनी पाना असेल तर हँडल काही मिनिटांत बदलता येऊ लागले. निवड नावाची प्रथा जन्माला आली ती या तीन सुट्या झालेल्या सांध्यांतून. तिचे श्रेय स्वाराच्या सुधारलेल्या अभिरुचीला देणे हे काहीसे भाबडेपणाचे ठरेल.

भारतात या बदलांचा पहिला परिणाम दिसला तो आकारात, उपयोगात नाही. नव्या आकाराच्या सायकली आल्या आणि त्यांपैकी हिरोच्या ‘रेंजर’ सायकलीचे नाव तर महाराष्ट्रात जाड टायर आणि सरळ हँडल असलेल्या कोणत्याही सायकलीला लागू लागले. या सायकलींचे सरळ हँडल, त्याच्या टोकांना लावलेली शिंगासारखी जोडपकड आणि तारेचे ब्रेक यांमुळे स्वार पुढे झुकू लागला. शाळकरी मुलांना ही बैठक ऐटीची वाटली, तर दूधवाल्यांनी आणि कारखान्यात जाणाऱ्यांनी जुन्या हँडलचीच साथ धरली. १९९१ नंतर आयातीवरील निर्बंध सैल होत गेले, २००५ मध्ये सुरू झालेल्या फायरफॉक्ससारख्या कंपनीने परदेशी बनावटीच्या सायकली शहरी दुकानांत आणल्या आणि त्यांच्याबरोबर सुटी हँडले, स्टेम, मुठी यांचा बाजारही आला. तोपर्यंत या पट्ट्याचे रूपही बदलले होते. विमकोचे दिवस मागे पडले होते, कामगारांच्या सायकलींची जागा मोटारसायकलींनी घेतली होती आणि बदलापूर-अंबरनाथ ही गावे मुंबईत नोकरी करणाऱ्यांची राहण्याची ठिकाणे झाली होती. ज्यांना कामासाठी सायकल लागत नव्हती, अशा लोकांनी सुट्टीच्या सकाळी ती बारवी धरणाकडे, कोंडेश्वरकडे, मुरबाडच्या रस्त्याने माळशेजच्या दिशेने काढली. त्यांपैकी थोडेसे डांबर सोडून टेकड्यांवरच्या पायवाटांकडे वळले.

जगातील माउंटन सायकलींच्या हँडलची रुंदी या काळात एखाद्या लंबकासारखी हलली. रीपॅकच्या वेळची रुंद हँडले १९८०-९० च्या दशकांत कापली गेली, कारण तेव्हा प्रतिष्ठा डोंगरपायवाटांवरच्या लांब शर्यतींना होती, वजन वाचवणे महत्त्वाचे होते आणि दाट झाडीतून अंग चोरून जायचे होते. ५६० मिलिमीटरच्या आसपासची हँडले आणि १२०-१३० मिलिमीटर लांबीचे स्टेम हे त्या काळचे रूढ माप. १९९० मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे जागतिक सायकल संघटनेच्या मान्यतेची पहिली माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिच्यात डाउनहिल हा स्वतंत्र प्रकार होता. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये मात्र लांब अंतराच्या क्रॉस-कंट्रीलाच प्रवेश मिळाला आणि डाउनहिल आजवर बाहेरच राहिला. ऑलिंपिकबाहेर राहिल्याने या प्रकाराची साधने वजनाच्या काटेकोर विचारापासून मोकळी झाली, असे म्हणण्यास जागा आहे. पुढच्या वीस वर्षांत उतारावरचे हँडल ७०० मिलिमीटर ओलांडून ८०० मिलिमीटरपर्यंत पोहोचले आणि स्टेम ३५ ते ५० मिलिमीटर इतके आखूड झाले. यामागचे यंत्रशास्त्र सोपे आहे. चाकाला दगड लागला की ते वळू पाहते आणि त्या वळण्याला हात विरोध करतात. हँडलच्या मध्यापासून मूठ जितकी दूर, तितका कमी जोर लागतो. ५६० मिलिमीटरच्या हँडलवर मूठ मध्यापासून २८० मिलिमीटरवर असते, ८०० च्या हँडलवर ४०० वर. म्हणजे तेवढ्याच धक्क्याला तोंड देण्यासाठी सुमारे तीन दशांश कमी जोर पुरतो. मोबदल्यात तेवढेच चाक वळवण्यासाठी हात अधिक अंतर फिरवावे लागतात, म्हणून रुंद हँडलाबरोबर आखूड स्टेम येते. ते दिशा-बदल पुन्हा चपळ करते आणि स्वाराचे शरीर पुढच्या चाकाच्या मागे राखते.

रुंदीखेरीज निवडीची आणखी तीन मापे आहेत. मधल्या भागापेक्षा मुठी किती वर आहेत, त्याला उचल म्हणता येईल. तीव्र उतारावर अधिक उचलीचे हँडल छाती वर ठेवते आणि तोंडावर जाण्याची भीती कमी करते. मुठी स्वाराकडे किती अंशांनी वळलेल्या आहेत, हे दुसरे माप सात ते नऊ अंशांच्या आसपास असते. रोडस्टरच्या हँडलच्या वळणाशी तुलना केली तर हे वळण नावापुरतेच उरले आहे. तिसरे माप मध्यभागाच्या व्यासाचे: पूर्वी एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर, नंतर ३१.८, आणि आता काही हँडलांत ३५ मिलिमीटर. व्यास वाढला की नळी अधिक ताठ होते, पण ताठपणा वाढला म्हणजे हातांना बसणारा थरथराट वाढतो, आणि लांब उतारावर मनगटे बधिर करणाऱ्या हँडलाला केवळ ते ताठ आहे म्हणून चांगले म्हणता येणार नाही. स्टेमचे तोंड आणि हँडलचा मध्य एकाच व्यासाचे असावे लागतात, ही बाब नवख्या ग्राहकांच्या लक्षात बहुधा खरेदीनंतर येते.

धातूचा प्रश्न अंबरनाथच्या संदर्भात अधिक जवळचा आहे, कारण तेथील आयुध निर्माणी कारखान्याची ओळख पितळ व इतर अलोह धातूंच्या कामाशी निगडित राहिली आहे. जुने हँडल पोलादी असे: नळी वाकवून, घासून, वर निकेल-क्रोमचा मुलामा. पोलाद वाकते आणि पुन्हा सरळही करता येते. पडलेल्या सायकलीचे तिरके झालेले हँडल पुढच्या चाकाला गुडघ्यांत धरून सरळ करण्याची कला कोणत्याही सायकल दुरुस्तीच्या दुकानात पाहायला मिळे. आजची उताराची हँडले अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंची किंवा कार्बन तंतूंची असतात. मॅग्नेशियम आणि सिलिकन असलेला ६०६१, तांबे असलेला २०१४ आणि जस्त असलेला ७०७५ हे मिश्रधातू यासाठी वापरले जातात. नळीची जाडी मध्याकडे जास्त आणि टोकांकडे कमी ठेवून वजन वाचवले जाते. अॅल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते: लहान लहान धक्केही कालांतराने साठत जातात आणि एके दिवशी नळी पूर्वसूचना न देता तुटते. म्हणूनच मोठ्या पडझडीनंतर वाकलेले अॅल्युमिनियमचे हँडल सरळ करून वापरणे हा जुन्या पोलादी सवयीचा सर्वांत धोकादायक अवशेष आहे. कार्बनचे हँडल निकामी व्हायला खोल ओरखडाही पुरेसा असतो, आणि स्टेमचे स्क्रू अंदाजाने आवळण्याऐवजी जोर मोजणाऱ्या पान्याने, साधारणपणे ५ न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे, आवळावे लागतात.

परदेशात ठरलेली मापे येथील डोंगरांना जशीच्या तशी लागू पडतात, असे मानण्याचे कारण नाही. मलंग-चंदेरीच्या रांगेतील आणि बारवीच्या टेकड्यांवरील वाटा बहुतांशी सायकलीसाठी काढलेल्या नाहीत. त्या गुरांच्या, लाकूडफाट्याच्या, आदिवासी पाड्यांच्या पायवाटा आहेत, आणि त्यांची रुंदी डोक्यावर मोळी घेतलेल्या माणसाच्या हिशेबाने पडलेली आहे. दोन्ही बाजूंना कारवीचे दाट खुंट, मध्येच सागाची खोडे, खाली बेसाल्टचा घसारा, म्हणजे पायाखालून सरकणाऱ्या सुट्या दगडांचा थर, आणि कातळाच्या उघड्या पट्ट्या. घसाऱ्यावर चाक सतत वळू पाहते, तेथे रुंद हँडल उपकारक. पण दोन कारवींच्या मधून जाताना तेच हँडल अडते, आणि मूठ एका खुंटाला लागली की चाक त्याच दिशेने फिरून स्वार पडतो. पावसाळ्यात कातळावर शेवाळ येते, मुरूम लोण्यासारखा होतो आणि धबधब्यांवरील अपघातांमुळे प्रशासन कोंडेश्वरसारख्या ठिकाणी वेळोवेळी प्रवेशबंदीही घालते. त्यामुळे येथील उताराचा हंगाम बहुधा पाऊस ओसरल्यानंतर, कारवी पूर्ण वाढलेली असतानाच सुरू होतो. याखेरीज सोसायटीची उद्वाहने, जिन्याची वळणे आणि उपनगरी गाडीचे मालडबे यांची मापेही रुंद हँडलचा विचार करून ठरलेली नाहीत. गाडीत चढण्यापूर्वी स्टेमचे स्क्रू सैल करून हँडल चाकाच्या रेषेत फिरवणे ही येथील स्वारांना उपयोगी पडणारी युक्ती आहे.

या सर्व कारणांनी येथे ८०० मिलिमीटरचे हँडल विकत घेणे आणि तेवढेच रुंद ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. कापलेली नळी पुन्हा लांब होत नसल्याने आधी हँडल पूर्ण रुंदीने बसवले जाते. मग मुठी आणि ब्रेकचे दांडे दोन्ही बाजूंनी थोडे थोडे आत सरकवून त्याच वाटेवर काही फेऱ्या मारल्या जातात, आणि खांद्यांना व वाटेला मानवणारी जागा सापडल्यावर बाहेर उरलेली टोके पाइप-कटरने, कार्बन असेल तर बारीक दातांच्या करवतीने, दोन्हीकडे सारखीच कापली जातात. बऱ्याच हँडलांच्या टोकांवर कापण्यासाठी मिलिमीटरच्या खुणा छापलेल्या असतात. कापलेली कड कानशीने घासून टोकात बूच बसवणे आवश्यक असते, कारण उघडी नळी पडताना मांडीत किंवा पोटात घुसू शकते. स्पर्धांच्या नियमांतही बूच सक्तीचे आहे.